मधोमध कोणी नसावं

देर्लिस सामुदियो एखाद्या अंगणात शिरला की आधी तिथली माणसं कोणाकडे तोंड करून बसली आहेत ते बघतो, आणि मगच खुर्ची घेतो. ही त्याची लहानपणापासूनची खोड. त्याला स्वतःला ती ठाऊक नसावी, पण काआतीमीत सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या गावात माणसाच्या खोडी आधी पाठ होतात, नाव मागाहून.

आता त्याचं नाव गावाबाहेर मोठं झालं आहे. राजधानीत असुन्सिऑनमध्ये, ब्युनोस आयर्समध्ये, समुद्रापलीकडच्या सभांमध्ये लोक त्याला ऐकायला जमतात. इथे मात्र तो अजून ट्रकवाल्या फुलगेन्सियोचा थोरला.

फुलगेन्सियो, मानानं काराई फुलगेन्सियो, येर्बाच्या गिरणीत ट्रक चालवायचा; येर्बा म्हणजे आमच्याकडची चहासारखी प्यायची पानं. पुढचं बघणारा माणूस. मुलगा झाला तेव्हा बाप्तिस्म्याला त्याला हातात धरायला कोणाला बोलवायचं, यावर त्यानं फार विचार केला. आमच्याकडे ती बाई म्हणजे मादरीना, पोराची दुसरी आई. जन्मभर तिच्यापुढे हात जोडायचे, तिचा आशीर्वाद घ्यायचा. फुलगेन्सियोनं थेट गिरणीच्या मालकिणीलाच गळ घातली. ती पांढरी टोपी घालून राजधानीतून आली, फोटोपुरतं पोर धरलं, चांदीचा चमचा दिला आणि धूळ उडवत गेली. पुन्हा कधी आली नाही. दोन वर्षांनी झुनिल्दा झाली. मुलगी म्हटल्यावर बापानं डोकं शिणवलं नाही. कुंपणापलीकडे ब्लासिदा कान्तेरो भट्टीशी पीठ मळत होती. तिचे हात धुवून घेतले आणि तिच्याच हातात पोर दिली.

ब्लासिदाला, मानानं न्या ब्लासिदाला, स्वतःचं मूल नव्हतं, आणि नको म्हणायची सवयही नव्हती. पुढे जो तो आपलं पोर तिच्याकडेच घेऊन जाऊ लागला. ती फार शहाणी होती असं नाही. आळशी होती, बोलघेवडी होती, गालात चिरूट धरून सगळ्या गावाची उणीदुणी काढायची. पण तिच्या अंगणात मोठी मातीची भट्टी होती, आणि ईस्टरच्या आठवड्यात अर्धं गाव तिथेच चिपा भाजायला यायचं. मक्याचं आणि मांडिओका कंदाचं पीठ, चीज, बडीशेप. पोरांसाठी त्याच पिठाची कबुतरं नि सुसरी. झुनिल्दा हात जोडून पुढे जायची, न्या ब्लासिदा तिच्या डोक्यावर हात ठेवायची, हातात गरम कबुतर द्यायची. एका वर्षी देर्लिसही त्या रांगेत उभा राहिला. तिनं कबुतर दिलं, पण हात ठेवला नाही. म्हणाली, तुझी मादरीना जिवंत आहे पोरा, आशीर्वाद तिचा, तो मी कशी देऊ. रीत तशीच आहे. तिचं काही चुकलं नव्हतं. देर्लिसनं ते कबुतर कोंबड्यांपुढे टाकलं आणि दिवसभर कुंपणाशी उभा राहून, भट्टीभोवती कोण कोण जमतं ते बघत राहिला.

पोरगा हुशार निघाला. राजधानीत शिकला, परदेशात राहून आला. परतला तेव्हा ट्रकभर जुनी यंत्रं घेऊन आला आणि बापाच्या तंबाखूच्या कोठारात त्यानं ती मांडली. आमच्याकडे पाराना नदीवरच्या धरणाची वीज स्वस्त, म्हणून तेव्हा देशभर अशी कोठारं उभी राहिली होती, ज्यांत यंत्रं दिवसभर नुसती आकडेमोड करत आणि त्यातून दिसत नाही असं नाणं निघत असे. कोठाराचा आवाज असा, की एखादं विमान उतरायला आलंय आणि उतरतच नाही. उन्हाळ्यात आतली हवा तापून दारातून बाहेर पडायची. दारापुढचं संत्र्याचं झाड एका बाजूनं वाळलं. ते नाणं चढलं तसं पडलं. यंत्रं थंड झाली. लोक हळहळले, आणि हळहळताना बरंही वाटलं लोकांना, हे लपवून उपयोग नाही. कुंपणाच्या आत वाढलेलं झाड कुंपणाबाहेर दिसू लागलं की शेजाऱ्याची मान दुखते.

पण देर्लिसचं डोकं थंड झालं नव्हतं. त्याच्या ध्यानात आलं की, बोललेलं समजून उत्तर देणारी ती नवी कृत्रिम बुद्धी जगातल्या सगळ्या भाषा शिकते आहे, पण आमची ग्वारानी तिला येत नाही. आणि आली तरी ती दूर कुठल्यातरी कंपनीच्या एका कोठारात राहणार, तिचे दरवाजे दुसऱ्याच्या हातात. मग त्यानं उलटा विचार केला. एकेका घरात एकेक लहान यंत्र ठेवायचं. प्रत्येक घरानं आपला आवाज द्यायचा, आपली बोली, आपल्या म्हणी. सगळी यंत्रं मिळून शिकतील, आणि कोणा एकाकडे ती बुद्धी साठणार नाही. हिशेब ठेवायला त्याच्याजवळ ब्लॉकचेनची जुनी विद्या होतीच: एकच नोंद प्रत्येक घरात उतरलेली असते, त्यामुळे एकट्यानं कोणाला खाडाखोड करता येत नाही. शेतावर सगळ्यांनी मिळून कापणी करायची आणि ज्याचं शेत त्यानं जेवू घालायचं, त्याला आम्ही मिंगा म्हणतो. त्यानं आपल्या जाळ्याला तेच नाव दिलं.

मिंगा वाढत गेली. डोंगरापलीकडची गावं आली, नदीपलीकडची आली. म्हातारी माणसं तिच्याशी ग्वारानीत बोलू लागली, ती उत्तर देऊ लागली, आणि आमच्यासारखीच अघळपघळ. देर्लिस मोठमोठ्या सभांना जाऊ लागला. एकच वाक्य सगळीकडे बोलायचा, “मधोमध कोणी नसावं.” झुनिल्दा कोठारातलं सगळं काम सांभाळायची. ती म्हणायची, दादा हे वाक्य मधोमध उभा राहून बोलतो.

नियम त्यानंच लिहिले. ज्या घरानं यंत्र किंवा आवाज दिला, त्या घराला एक मत. ज्याला प्रत्येक वेळी मत द्यायला सवड नाही, त्यानं आपलं मत दुसऱ्या कोणाच्या नावे करावं. आणि एक मुख्य किल्ली, जिनं कुठलाही नियम बदलता येतो, ती देर्लिसजवळ. जाळं आपल्या पायावर उभं राहिलं की ती तो सगळ्यांसमोर मोडणार. हे वचन त्यानं शाळेच्या मैदानात दिलं होतं, आणि त्या दिवशी टाळ्या इतक्या झाल्या की पोपटांचे थवे उठले.

जाळं उभं राहिलं. आणि तेव्हाच एका परदेशी कंपनीनं निरोप पाठवला की मिंगाला सगळ्या खंडात नेऊ, पण आमच्याशी बोलायला, शेवटचा शब्द द्यायला एक माणूस हवा. देर्लिसला ते पटलं. मनापासून पटलं, हेही सांगितलं पाहिजे. बिनमालकाच्या घोड्यावर कोणी खोगीर चढवत नाही, असं तो म्हणायचा. त्यानं ठराव मांडला: किल्ली आणखी पाच वर्षं आपल्याकडे राहू द्यावी. मतदान मे महिन्यातल्या एका रविवारी ठरलं. त्याच्या आयुष्याचं सगळं त्या रविवारावर आलं होतं. किल्ली गेली तर तो मिंगातलं एक घर उरणार होता, चारचौघांसारखं.

ईस्टर झाल्यावर त्यानं मतं कुठं कुठं आहेत ते पाहिलं, आणि तो खुर्चीतून उठला. निम्म्याहून जास्त मतं एका नावावर जमली होती. ब्लासिदा कान्तेरो.

आधी त्याला वाटलं कोणीतरी चोरी केली. यंत्रात कुठे भोक आहे का ते त्यानं शोधलं, झुनिल्दालाही शोधायला लावलं. झुनिल्दानं शोधल्यासारखं केलं आणि मग सांगितलं, की चोरी नाही, चिपा आहे. झालं होतं ते असं. पंक्चरवाला ओस्मार ईस्टरला मादरीनाकडे रिकाम्या हातानं गेला होता. भेट आणायला विसरला, म्हणून थट्टेनं म्हणाला, यंदा माझं मिंगातलं मत तुला. न्या ब्लासिदा खूश झाली, त्याला दोन चिपा जास्त दिल्या. मागच्या माणसानं ते ऐकलं. त्यानंही दिलं. त्या रांगेतल्या बायका स्वतः कोणाकोणाच्या मादरीना होत्या. त्यांच्या पोरांनी आपली मतं त्यांना दिली होती, त्यांनी ती घेऊन पुढे दिली. ओढा ओढ्याला मिळतो तसं. दुसऱ्या देशातला माणूस असं काही देताना दहादा विचार करेल. आमच्याकडे मादरीनाला देतात ते विचार करून देत नाहीत.

“तूसुद्धा दिलंस?” देर्लिसनं बहिणीला विचारलं.

“माझी मादरीना आहे ती.”

“पंधरा वर्षं मी राबलो, झुनी. आणि ती भट्टीपुढे बसून चिरूट ओढत होती.”

“हो ना. तरी बघ.”

ते “तरी बघ” त्याच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसांत उत्तरेचा वारा सुटला होता, गरम, कोरडा. हा वारा सुटला की आमच्याकडे कुत्रीही एकमेकांशी नीट वागत नाहीत. देर्लिस कोठारात येरझाऱ्या घालायचा आणि कुंपणापलीकडे बघायचा. तिथे काहीच घडत नव्हतं. कोणी बाई पीठ मागायला येई, कोणी पोर आशीर्वाद घेऊन जाई, कोणी नुसतंच बसायला येई. येणारा प्रत्येक माणूस त्याच्या छातीवर पाय देऊन आत जात होता. त्याच्याकडेही लोक येत, पण कामाला येत. काम झालं की जात. तिच्याकडे बिनकामाचे येत आणि जात नसत.

शेवटी तो तिच्याकडे गेला. मतं मागायला गेला; दुसरं काही कारण नव्हतं. न्या ब्लासिदा सावलीत पाय पाण्याच्या घमेल्यात बुडवून बसली होती. तिनं त्याला बसवलं, शिंगाच्या पेल्यात थंड येर्बा भरून दिली. त्यानं नळीनं ओढली, पेला परत केला, तिनं आपल्यासाठी भरला. थंड येर्बाला आम्ही तेरेरे म्हणतो; तो असाच एका पेल्यातून फिरतो. घाईच्या माणसाला तो प्यायला येत नाही.

ती म्हणाली, “ओस्मार सांगत होता, सगळ्या गावाची मतं माझ्या खिशात आहेत म्हणे. मी एप्रन झटकून बघितला. खोकल्याच्या गोळ्या निघाल्या.”

देर्लिस हसला. त्यानं तिला समजावून सांगायला सुरुवात केली, मत म्हणजे काय, किल्ली म्हणजे काय. ती मान डोलावत राहिली आणि मधेच समोरून जाणाऱ्या बाईला तिच्या सुनेबद्दल विचारून घेतलं. मग म्हणाली, “तू कधी येत नाहीस. काही हवं होतं का, पोरा?”

एवढंच बोलायचं होतं, की तुमची मतं मला द्या. परदेशी कंपन्यांच्या मोठ्या साहेबांपुढे त्यानं याहून मोठं मागितलं होतं आणि मिळवलं होतं. पण त्या खुर्चीत तो घमेल्यातल्या तिच्या पायांकडे बघत राहिला. तिच्यापुढे हात पसरायचे म्हणजे रांगेतल्या ओस्मारच्या मागे उभं राहायचं, तेही या वयात. त्या विचारानं त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“नाही,” तो म्हणाला. “इकडून चाललो होतो.”

“कुंपणापलीकडून?” ती म्हणाली, आणि पेला भरून पुढे केला.

घरी येऊन त्यानं किल्ली वापरली. नवा नियम लिहिला: एका माणसाकडे दहाहून जास्त घरांची मतं साठू शकणार नाहीत, आणि दुसऱ्याचं मिळालेलं मत पुढे तिसऱ्याला देता येणार नाही. नियम चांगलाच होता. मधोमध कोणी नसावं, हेच तर तो आजवर सांगत आला होता. झुनिल्दा म्हणाली, नियम बरोबर आहे दादा, फक्त हा तू ईस्टरच्या आधी लिहायला हवा होतास. तिनं असंही विचारलं, की ही मतं तुझ्या नावावर साठली असती तर लिहिला असतास का. तो यंत्रांच्या पंख्यांवरची धूळ पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी घराघरातल्या मोबाइलवर मिंगाचा आवाज आला, ग्वारानीत, गोड आवाजात, की तुम्ही दिलेलं मत तुम्हाला परत करण्यात आलं आहे.

परत. काआतीमीत दिलेली वस्तू परत येत नाही. डुक्कर कापलं की शेजाऱ्याला वाटा जातो, आणि शेजारी तो परत पाठवील तर त्या घराशी पिढ्यांचा अबोला धरला जातो. न्या ब्लासिदानं काही परत पाठवलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तिच्यावर कोणी रागावलं नाही. ओस्मार टायर काढता काढता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला की, मी माझ्या मादरीनाला दिलेली भेट देर्लिसनं तिच्या हातातून काढली आणि माझ्या दारात आणून टाकली. एकानं म्हटलं, अरे तो नियम आहे, बड्या माणसांचं असतं तसं. ओस्मार म्हणाला, “नियम नाही तो. कुंपणाशी उभं राहणं आहे.” लोक हसले. पण ते हसू गावभर फिरून देर्लिसच्या दारापर्यंत आलं, तेव्हा त्यात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आमच्याकडे मे म्हणजे हिवाळ्याचं तोंड, रविवारी थंडी पडली होती. शाळेच्या मैदानात आंब्याखाली माणसं उन्हाकडे तोंड करून बसली, संत्री सोलत. दूरच्या गावांनी आपापल्या घरून मत द्यायचं होतं. इथल्यांनीही मोबाइलवरच द्यायचं, पण इथे जमून. शाळेच्या आतल्या भिंतीवर, उघड्या दारातून मैदानात दिसेल अशी, पांढरी चादर ताणली होती, तिच्यावर एकेक नाव उमटणार होतं. किल्ली देर्लिसकडे राहावी म्हणणाऱ्याचं हिरवं, नको म्हणणाऱ्याचं लाल.

देर्लिस बोलला. चांगला बोलला, हे त्याच्या वैऱ्यालाही म्हणावं लागेल. खंडभर आपली बोली पोचेल, नातवंडं ग्वारानीतून शिकतील. शेवटी म्हणाला, “तुमचं मत आता तुमच्याच हातात आहे. मधे कोणी नाही.” ते बोलताना त्यानं समोर पाहिलं. पहिल्या ओळीत न्या ब्लासिदा बसली होती, शाल गुंडाळून, आणि सगळ्यांच्या खुर्च्या थोड्या थोड्या तिच्याकडे वळलेल्या होत्या. त्याचा शब्द एकदाच अडखळला.

मतं पडू लागली. ओस्मार, लाल. त्याची बायको, लाल. शाळेचे मास्तर, लाल. डोंगरापलीकडची गावं, नदीपलीकडची गावं, ज्यांना न्या ब्लासिदा कोण हे ठाऊकही नव्हतं, तीही लाल. कारण परत आलेल्या भेटीची बातमी त्यांच्यापर्यंतही पोचली होती, आणि त्यांच्याकडेही मादरीना होत्या. झुनिल्दाचं नाव उमटलं तेव्हा देर्लिस चादरीकडे न बघता तिच्याकडे बघत होता. लाल. तिनं मान खाली घातली नाही.

आता कोणावर बोट ठेवायलाही जागा नव्हती. एकीच्या खिशात सगळी मतं असती तर त्याला म्हणता आलं असतं, त्या म्हातारीनं मला पाडलं. ती वाट त्यानंच बुजवली होती. प्रत्येकानं आपल्या हातानं, आपल्या बोटानं, एकेकट्यानं त्याला नको म्हटलं होतं.

मग सगळ्यात शेवटी, लाल नावांच्या खाली, एक हिरवं उमटलं. न्या ब्लासिदाला तिच्या भाचीनं कुठे दाबायचं ते दाखवलं होतं, आणि तिला फार वेळ लागला होता.

देर्लिस तिच्यापुढे येऊन उभा राहिला. “तुम्ही मला का दिलंत?”

“तुला हवं होतं म्हणून,” ती म्हणाली. “त्या दिवशी येऊन बसलास, तेरेरेचं पाणी संपेपर्यंत बसलास, तेव्हाच कळलं मला. विचारलं असतंस तर सगळ्यांचीच दिली असती. मला काय करायची होती ती?”

ओस्मारनं सोललेलं संत्रं तसंच हातात धरलं होतं. देर्लिसनं खिशातून मोबाइल काढला आणि सगळ्यांसमोर, जसं वचन दिलं होतं तशी, किल्ली मोडली. मोडताना आवाज होत नाही. चादरीवर फक्त एक ओळ उमटली, की आता मुख्य किल्ली कोणाकडे नाही. टाळ्या झाल्या नाहीत. लोक हळूहळू उठले, खुर्च्या उचलल्या, बायकांनी कढईतली सोपा, म्हणजे मक्याची चीज घातलेली जाड भाकरी, वाढली. देर्लिसला सगळ्यांआधी वाढली. तो आजचा यजमान होता, आणि आमच्याकडे पहिला वाटा यजमानाचा.

परदेशी कंपनी आली नाही. मिंगा मात्र चालूच आहे, थोडी संथ, आमच्यासारखी. सभांना आता झुनिल्दा जाते. ती कमी बोलते आणि लवकर घरी येते. देर्लिस कोठारात असतो. त्याचंही एक घर, एक मत, बाकी सगळ्यांसारखं. दहा घरांचा नियम लोकांनी पुढे मत देऊन तसाच ठेवला. चांगला नियम होता तो.

हल्ली छोट्या छोट्या गोष्टींचीही मतं होतात. कुठल्या गावाला नवं यंत्र द्यावं, कुठल्या म्हणीचा अर्थ मिंगाला नीट सांगावा, कोणाच्या कोंबड्याचा आवाज शिकवणीतून काढून टाकावा. माणसं कंटाळतात, मत कोणाच्या तरी नावे करून कामाला जातात. कोणी मादरीनाच्या, कोणी मास्तरांच्या, ओस्मारनं तर थट्टेनं आपल्या सासूच्या नावे केलं आहे. देर्लिसनं आपलं मत आजवर कोणालाही दिलेलं नाही, आणि कोणी आपलं त्याला दिलेलं नाही. प्रत्येक मताला तो स्वतः हजर असतो, कोंबड्याच्यासुद्धा. मत दिलं की निकाल लागेपर्यंत तो पडद्यापुढून हलत नाही. कोणी कोणाला काय दिलं, ते वरपासून खालपर्यंत वाचतो.